वस्तऱ्यातला मेंढा

आमच्या घरात चोर शिरलाच, तर मला काळजी त्याची वाटते. कपाटाच्या ज्या कप्प्यात बायका दागिने ठेवतात तिथं तो अंधारात हात घालणार, आणि तिथं माझे वस्तरे आहेत. सगळी बोटं घेऊन बाहेर पडला तरी मिळवली.

वस्तरे म्हणजे जुने, मिटायचे. लांब पातं आणि ते पोटात घेणारी मूठ. पूर्वी न्हाव्याच्या धोकटीत असायचे, नाहीतर घरीच दाढी करायची हौस असलेल्या पुरुषांच्या आरशामागच्या फळीवर. आता सलूनमध्ये अर्धं ब्लेड मोडून घालतात तो वस्तरा मला कुणी फुकट दिला तरी नको. खरं म्हणजे पात्याशी माझं फारसं देणंघेणं नाही. मला वेड मुठींचं. एकाच्या मुठीवर मगर आहे, शेपटीच्या टोकापर्यंत खवल्यांसकट. एकाची मूठ बांबूच्या कांडीसारखी, पेरापेरांची. एकीवर विलायती झग्यातली बाई आडवी पसरली आहे. ती मी सासूबाई होत्या तोवर बाहेर काढली नाही.

नात म्हणते, "आजी, तुझं कपाट पोलिसांनी बघितलं ना, तर ते आधी तुला आत टाकतील आणि मग विचारतील."

"मग काय, आत पण दोन-चार चांगल्या ओळखी होतील," मी म्हणते.

हे खूळ लागलं तेव्हा मी नवीन लग्न झालेली. माहेर साताऱ्याचं, सासर सांगलीचं. इतिहास घेऊन बी. ए. झालेली मुलगी, म्हणजे फारसं न वाचता सगळं माहीत असलेली. ती मीच, पण तिच्याशी नातं सांगायला मला आजही अवघड जातं. माहेरपणाला गेली असताना साताऱ्याच्या जुन्या बाजारात, कुलपं आणि घड्याळांच्या सांगाड्यांच्या ढिगात तिला पहिला वस्तरा सापडला. मूठ सायीच्या रंगाची, आणि तिच्यावर द्राक्षांचा वेल, पानं, घड, सगळं उठावाचं. बाईसाहेबांनी जागेवरच निकाल दिला: हा हस्तिदंत. आणि द्राक्षं आहेत, त्या अर्थी ही कारागिरी तासगावची! पात्याच्या मुळाशी जर्मनी असं ठळक कोरलेलं होतं. त्यावर तिचं म्हणणं, पातं तिकडचं, मूठ आपल्याकडची.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिनं तिळगूळ दिला, वाण दिलं, आणि मग मखमलीवर ठेवून वस्तरा बायकांमधून फिरवला. एका मावशींनी तो नाकाशी नेला.

"काय गं सूनबाई, हस्तिदंताला कापराचा वास येतो होय?"

"जुना हस्तिदंत असाच असतो, मावशी," बाईसाहेब पापणी न लवता म्हणाल्या.

पुढच्या उन्हाळ्यात बुरशी नको म्हणून तिनं तो गच्चीत उन्हाला ठेवला, कुरडयांच्या शेजारी. संध्याकाळी मूठ धनुष्यासारखी वाकलेली. सासूबाई कुरडया गोळा करत होत्या. त्यांनी ती दोन बोटांत धरून उचलली, उलटसुलट पाहिली आणि अगदी सरळ चेहऱ्यानं विचारलं, "ही तळायची आहे का?"

पूर्वी बाहुल्या आणि कंगवे ज्याचे करायचे, त्या सेल्युलॉइडची होती ती मूठ. कापराचा वास त्याचाच. त्या मुलीत आणि माझ्यात आता एवढाच फरक आहे, की मी आधी वास घेते आणि मग फुशारकी मारते.

मेंढ्याच्या वस्तऱ्याची बातमी मला सांगलीच्या बाजारात लागली. ह्यांची पाठ धरते म्हणून मी घोंगडं घ्यायला गेले होते. विकणारा जत तालुक्यातला. घोंगडं विकत घेताना तास-अर्धा तास गप्पा मारायच्या असतात, तशा आम्ही मारत होतो, आणि बोलता बोलता मी त्याला माझ्या वस्तऱ्यांचं सांगितलं. मी ते सगळ्यांनाच सांगते. रिक्षावाल्यांनाही सांगते.

तो म्हणाला, "आमच्या चुलतीच्या घरी हाय की एक. मेंढ्याच्या शिंगाची मूठ. उगडला का मेंढा शिंग उगारतो."

मी हातातलं घोंगडं खाली ठेवलं.

"उगारतो म्हणजे?"

"त्ये बगायच लागतं, आज्जी. सांगून न्हाई कळत."

"विकतील का त्या?"

"इकायची न्हाई. पर द्यायची म्हंती." मग त्यानं सगळं सांगितलं. त्या घरात जन्मलेल्या प्रत्येक मुलाचं जावळ त्याच वस्तऱ्यानं निघालेलं. आता मुलगा पुण्याला नोकरीला. त्याचं बाळ वर्षाचं व्हायला आलं, आणि बाळाच्या आईनं सांगितलं की जावळ पुण्यात सलूनमध्ये काढायचं, मशीननं. "चुलती लय खट्टू झालीया. म्हंती, ज्येचं काम ऱ्हायलं न्हाई त्ये डोळ्याम्होरं कशाला? नीट जपनारं मानूस भेटलं तर दिऊन टाकते."

नीट जपणारं माणूस! माझे कान गरम झाले. त्यानं तिथूनच फोन लावला. रविवारी या, असं ठरलं. घोंगडं तिथंच राहिलं, ते त्यानं दोन गल्ल्या धावत येऊन मला दिलं.

पुढचे दिवस आमच्या घरात आमटीला मीठ नव्हतं. मी कपाटात जागा केली, मधली, दार उघडल्यावर पहिली नजर जाईल ती. आतून मखमल लावलेली लाकडी पेटी आणली. रात्री डोळे मिटले की मेंढा दिसायचा, पण शिंग कसं उगारतो ते काही केल्या दिसायचं नाही. मुठीला स्प्रिंग असेल? दोन पाती असतील? ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, "झोप आता, नाहीतर मी शिंग उगारतो."

रविवारी गाडी हे चालवत होते. उसाची शिवारं मागं पडली, मग द्राक्षांचे मांडव विरळ झाले, मग नुसती उघडी जमीन, ज्वारीची धाटं, आणि समोरून येणारे पाण्याचे टँकर. मी सारखी "अजून किती?" विचारत होते.

"तू मागच्या महिन्यात शपथ घेतली होतीस," हे म्हणाले. "कपाट भरलं, आता बस."

"तुमचे स्वेटर काढले त्यातले."

"माझे स्वेटर कुठं गेले मग?"

"अहो, समोर बघा, टँकर!"

घर गावाबाहेर होतं. पत्र्याचं, पुढं सारवलेलं अंगण, एका बाजूला काट्यांच्या कुंपणात मेंढरं. दारात घोंगडं अंथरलेलं. एक उंच, वाळका म्हातारा पुढं आला. मुंडासं नवं, गाल इतके गुळगुळीत की पावडर अजून कानामागं होती. "कूडरी, कूडरी," असं म्हणत त्यानं घोंगड्याकडं हात केला. त्या बाजूला निम्मं बोलणं कानडीत होतं, पण बसा म्हणणारा हात कुठल्याही भाषेत कळतो. त्याच्यामागून त्याची बायको आली. कपाळभर कुंकू, नऊवारी, आणि नजर अशी की मेंढराचं वजन नुसतं बघून सांगेल. तिनं मला तशीच पाहिली.

"तुमीच व्हय वस्तऱ्याच्या बाई?"

"मीच."

"मला वाटलं दाडीमिशा आसतील."

मी हसले, ती हसली, आणि आमचं जमलं. वयानं ती माझ्याएवढीच, चार महिने इकडंतिकडं. तरी मी तिला आक्का म्हणाले आणि ती मला बाई म्हणाली. ताक आलं. ह्यांनी पेला घेतला आणि ते म्हाताऱ्याशी पाऊस, मेंढरं, चारा असं बोलत बसले. मी माझा पेला तसाच बाजूला ठेवला.

"आदी ह्ये बगा," म्हणून आक्कांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. बाळाचा फोटो. डोळ्यांवर आलेलं दाट कुरळं जावळ, त्याला आईनं रबर लावून डोक्यावर कारंजं केलेलं.

"गोड आहे हो."

"सून वाईट न्हाई बगा माजी. तिचं म्हननं, जुनं लोखंड, बाळाच्या डोस्क्याला नगं. तिचं बी खरं हाय. पर ह्यास्नी लागला, माज्या तिन्ही पोरांस्नी लागला, जावांच्या पोरांस्नी लागला. आता हितनं फुडं कुनालाच न्हाई." पदरानं त्यांनी मोबाइलची काच पुसली. काच स्वच्छच होती. "म्हनून म्हनलं, तुमी न्या. हितं देवाजवळ रिकामा बसलेला मला बगवत न्हाई."

खरं सांगायचं तर मी "हो ना, हो ना" म्हणत होते आणि डोळे आतल्या खोलीच्या दाराकडं होते. हावरी बाई.

म्हाताऱ्यानं वस्तऱ्याचा जन्म सांगितला. त्याचा आजा फौजेत होता. परत आला तो विलायती वस्तरा घेऊन. मेंढरांमागं फिरताना एका मुक्कामाला त्याची मूठ दगडावर पडून फुटली. तेव्हा आज्यानं आपल्याच कळपातल्या म्हाताऱ्या मेंढ्याचं शिंग तासून मूठ केली. "रानात न्हावी कुटला? एकमेकाची डोई एकमेकानं करायची. आज्याचा हात लय हलका."

आक्का आत गेल्या आणि लोकरीची एक पिशवी घेऊन आल्या. काळ्या लोकरीची, तोंडाला गोंडा, आणि सगळीकडून हळदीनं पिवळी. माझ्यासमोर घोंगड्यावर ठेवली.

"बसा हां. भंडारा आनते. देवाला सांगू, मग उगडू."

त्या पुन्हा आत गेल्या. थांबायचं होतं, बाकी काही नाही. पोस्टात, बँकेत, डॉक्टरकडं मी तास तास थांबते. पण पिशवी हाताएवढ्या अंतरावर होती, म्हातारा ह्यांना मेंढराच्या खुरांबद्दल काही सांगत होता, आणि माझी बोटं माझं ऐकत नव्हती. गोंडा सोडला. वस्तरा हातात आला.

मूठ गडद तपकिरी, मधाच्या रेघा असलेली. शिंगाच्या अंगच्या वळ्या आज्यानं तशाच ठेवल्या होत्या, त्या मेंढ्याच्या लोकरीसारख्या दिसत होत्या. पुढच्या टोकाला डोकं, दोन्ही बाजूंनी कोरलेलं, लांबट नाक, खाली पडलेले कान. पातं आणि मूठ जोडणारी पितळी खीळ नेमकी डोळ्याच्या जागी. आणि मिटलेल्या वस्तऱ्याचं शेपूट बाहेर राहतं ना, बोट टेकवायचं, ते बारीक वाकडं शेपूट मेंढ्याच्या तोंडातून बाहेर आलेलं. मेंढा गवताची काडी चघळत बसला होता!

मी पातं उघडलं. पातं पुढं सरकलं तशी तोंडातली काडी उठली, कपाळावरून वर गेली, आणि मागं मानेवर वळून थांबली. शिंग! जी काडी होती तिचंच शिंग झालं. स्प्रिंग नाही, काही नाही. खिळीभोवती फिरणारं एक लोखंड, आणि आज्यानं त्या फिरण्यात अख्खा मेंढा बघितला होता.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. मेंढरं कुंपणात एकदम उठून उभी राहिली.

"आवं बाई!" आक्का दारात होत्या, हातात भंडाऱ्याची वाटी. "उगडला?"

म्हातारा पण उभा राहिला. त्याचं तोंड उघडंच. मला वाटलं मी काही मोडलं.

"नाही, नाही, मिटते ना मी," म्हणून मी पात्याला हात घातला.

"मिटू नगा!" दोघं एकदम.

मग आक्का माझ्यासमोर बसल्या आणि त्यांनी समजावून सांगितलं. तो देवाजवळचा वस्तरा. पिशवीतून काढून उघडला, की केसाला लागल्याशिवाय मिटत नाहीत. कोरडा मिटला तर पुढच्या जावळाला अशुभ, असं त्यांच्यात चालत आलेलं. "मी देवाला इचारनार हुते, की बाबा, ही बाई तुला घिऊन चालली, तिला दोस लावू नगं, नेम मोकळा कर. मग उगडला आसता तर चाललं आसतं. आता त्यो जावळाला म्हनूनच उगडलाय."

"मग मी असाच नेते, उघडा," मी म्हणाले. लाज नाही ती नाहीच.

"उगडा वस्तरा मोटारीतनं? खड्ड्यात गाडी आदळली म्हंजी?"

"माझे केस घ्या मग. वेणीचं टोक." मी वेणी पुढं घेतलीसुद्धा.

आक्कांनी माझा हात गच्च धरला. "आगागागा! काय बोलतासा बाई! सवाशिनीच्या केसाला वस्तरा? मालक हितं धडधाकट बसल्यात न्हवं!"

मालक ताक पीत होते. "बसू दे, बसू दे, मला काही घाई नाही," ते म्हणाले. त्यांनी नेहमीप्रमाणं शेवटचाच शब्द ऐकला होता.

"मेंढराची लोकर चालंल?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"मेंढराला कातर हाय. ह्यो मानसाचा."

"मग माजी दाडी..." त्यानं गालावरून हात फिरवला आणि थांबला. "आगं, डोई-दाडी दोनी सकाळीच करून आलोय की! पाव्हनं येनार, ध्यान नीट करा म्हनून तूच धाडलंस."

आजूबाजूला दुसरं माणूस नव्हतं. रविवार, गाव बाजाराला गेलेलं. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, आम्ही तिघं एकाच वेळी ह्यांच्याकडं वळलो.

निवृत्त झाल्यापासून ह्यांनी दाढी राखली आहे. पांढरी, दाट, रोज विंचरलेली. बँकेत लोक उठून जागा देतात. ज्या माणसानं आयुष्यात लॉनटेनिसच्या निकालाखेरीज काही मनापासून वाचलं नाही, त्याला त्या दाढीमुळं लोक तत्त्वज्ञ समजतात. ह्यांनी पेला हळूच खाली ठेवला.

"काय?"

"अहो..." मी सुरू केलं.

"नाही."

"ऐकून तरी घ्या."

"तुझ्यापायी मी गाडी चालवली, स्वेटर सोडले. दाढी नाही."

"अहो, परत येईल की!"

"वस्तरा?"

"दाढी!"

ते बधले नसते. माझ्यासाठी तर मुळीच नाही. पण आक्का वाटी घेऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमी भनीच्या घरी आलाय आसं समजा. चूक तुमच्या बायकूची हाय, तुमची न्हाई. पर माज्या नातवाच्या डोस्क्याला ह्यो वस्तरा लागू न्हाईतर न लागू, त्येच्यावर काय वाईट नगं." ह्यांना सख्खी बहीण नाही. ह्यांनी चष्मा काढला, माझ्या हातात दिला, आणि म्हणाले, "मिशी ठेवा फक्त."

मग माझी गडबड उडाली. पातं किती वर्षं धारेला लागलं नव्हतं देव जाणे. मी पर्स उघडली आणि तिच्यातून धारेचा दगड आणि चामड्याचा पट्टा काढला.

आक्कांनी कपाळाला हात लावला. "बाया पर्समदी आरसा ठिवत्यात वो!"

म्हातारा चुलीवरचं उकळतं पाणी घेऊन आला आणि अख्खा वस्तरा त्यात घालायला निघाला. "शिंग तडकेल!" मी इतक्या जोरात किंचाळले की मेंढरं पुन्हा उठली. नुसत्या पात्यावर पाणी ओतलं, मूठ फडक्यात धरून. मग दगडावर, पुढं, मागं, न दाबता. लोखंड अस्सल होतं. गंज नुसता वरवरचा, सायीसारखा निघाला. मग पट्ट्यावर. तो फटाक फटाक आवाज अंगणात घुमायला लागला आणि माझ्या अंगावर काटा आला. माझ्या कपाटातले सगळे वस्तरे झोपलेले आहेत. कामाला निघालेला वस्तरा मी ह्याआधी माझ्या हातात धरलाच नव्हता.

नखावर धार टेकवून पाहिली आणि वस्तरा म्हाताऱ्याच्या हातात दिला. नेम असा, की तो घरातल्या पुरुषानंच चालवायचा.

आधी लोकरीच्या कातरीनं त्यानं दाढी उतरवली. मग साबण. मग ह्यांना घोंगड्यावर बसवून तो मागं उभा राहिला, गुडघ्यांनी त्यांचे खांदे आवळले, एका हातानं हनुवटी वर उचलली, आणि घशातून "र्र्र, र्र्र" असा आवाज काढायला लागला.

"आवं, मानूस हाय त्यो!" आक्का ओरडल्या.

"ठावं हाय. आसं केलं की हलत न्हाईत."

आणि खरंच हे हलले नाहीत. डोळे मिटून बसले, अगदी शहाण्या मेंढरासारखे. पातं गालावरून खाली यायला लागलं. कर्र कर्र आवाज, ताजी भाकरी मोडताना होतो तसा. शिंग मागं टाकलेला मेंढा ह्यांच्या चेहऱ्यावरून पांढरा फेस चरत चालला होता. मी ह्यांच्या तोंडाशी तोंड नेऊन बघत होते, आक्का दुसऱ्या बाजूनं. "हितं ऱ्हायलं," त्या म्हणत. "कानाखाली, कानाखाली," मी म्हणे. म्हातारा दोघींकडं लक्ष देत नव्हता. कुठं ओरखडासुद्धा नाही.

फेसाखालून हनुवटी निघाली. लग्नात पाहिलेली, मधे खळी असलेली. त्या बी. ए. झालेल्या मुलीनं साताऱ्याला ह्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आईला सांगितलं होतं, "बाकी सगळं ठीक आहे, पण खळी जरा जास्त नाही का?" मूर्ख मुलगी. खळी अगदी बेताची होती.

आक्कांनी ह्यांच्या कपाळाला भंडारा लावला, वस्तऱ्याला लावला, पातं पुसलं आणि वस्तरा मिटला. मेंढा पुन्हा काडी चघळायला लागला. "झालं," त्या म्हणाल्या. "आता न्या, बाई. सुखानं न्या."

मी पेटी काढायला गाडीकडं निघाले आणि म्हाताऱ्याचा फोन वाजला. मघाशी त्यानं गंमत म्हणून पाव्हण्याचा फोटो मुलाला पाठवला होता. पडद्यावर सून होती, आणि तिच्या कडेवर ते केसांचं कारंजं. ती हसून हसून बोलू शकत नव्हती.

"आत्या, हे आजोबा कोण? आणि त्या जुन्या वस्तऱ्यानं केली दाढी? त्यांना काही झालं नाही ना?"

"काय न्हाई झालं, गुळगुळीत झाल्यात," आक्का म्हणाल्या.

"गंज होता ना त्याला?"

आता तिथं गप्प बसायचं होतं. पण माझ्या धारेबद्दल शंका! मी फोन आक्कांच्या हातातून घेतला. "बाळ, गंज कसला? वरवरचा होता, गेला. असलं लोखंड आता मिळत नाही. तुमच्या मशीनचे दाते कातडीला चिमटे काढतात. हे पातं नुसतं पिसासारखं फिरतं. हे बघ." मी फोन ह्यांच्या हनुवटीला लावला. "ही म्हाताऱ्याची कातडी, सुरकुत्यांची. एक तरी ओरखडा दिसतो? बाळाच्या डोक्याला तर—"

"पण जंतू, आजी?"

"उकळतं पाणी पात्यावर ओतायचं, मग औषधाचं पाणी. तुझ्या डॉक्टरला विचार हवं तर. मी स्वतः धार लावीन."

"दाखवा ना पातं."

मी वस्तरा उचलला, पात्याला अंगठा लावला, आणि तिघंही माझ्यावर ओरडले. ह्यांनी तर दोन्ही हातांनी मिशी झाकून घेतली.

पातं नाही दाखवलं. मेंढा दाखवला. डोळा, कान, तोंडातली काडी. बाळानं पडद्यावर हात मारला आणि "बॅऽऽ" म्हणालं. सुनेचं हसू थांबलं. मेंढा बघायला ती पडद्याच्या अगदी जवळ आली.

"आत्यांनी कधी दाखवलाच नाही हो मला हा," ती म्हणाली. "नुसतं वस्तरा, वस्तरा म्हणायच्या. मला वाटलं काहीतरी गंजकं पातं असेल."

"जावळाशिवाय उघडता येत नाही ना त्यांना. कशा दाखवतील?"

ह्यांनी मला कोपरानं ढोसलं. कानात म्हणाले, "अगं, तुला हवाय ना तो? काय करते आहेस?"

मला कळलं होतं. बोलता बोलताच कळलं होतं, औषधाच्या पाण्यापाशी. पण तोंड थांबेना. मेंढ्याची बाजू मांडायची आणि मी गप्प बसायचं, हे मला जमणारं नव्हतं.

"तुम्ही खरंच धार लावाल?" सून विचारत होती. "मग आम्ही येतो. ह्यांची सुट्टी बघून कळवते, आत्या."

आक्कांनी फोन घेतला आणि त्या दोघींचं बोलणं सुरू झालं, मामा कुठून येणार, बाळाला मांडीवर कोण धरणार, नैवेद्य काय. बोलताना त्यांचा एक हात वस्तऱ्यावर होता, झोपलेल्या मुलाच्या पाठीवर ठेवतात तसा. फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"बाई, तुमाला देनार म्हनलं हुतं. लांबनं आलासा. शबुद दिला हुता."

"आता काय देता! तो कामाला लागला की," मी म्हणाले, आणि खोटं नाही सांगत, माझा आवाज आनंदानं चिरकत होता. कपाटात मधल्या जागी मी त्याला आयुष्यभर झोपवून ठेवला असता. जावळाला तो उघडेल, काडीचं शिंग होईल, आणि मी तिथं असेन, पट्टा घेऊन, अगदी पुढच्या रांगेत.

"तुमी आदल्या दिशीच या. मुक्कामाला."

"येतेच. दगड जास्त बारीक आणते."

आक्कांनी माझी ओटी भरली, ज्वारीची पिशवी दिली आणि वस्तरा गोंडा आवळून आत नेला. हे गाडीत बसले होते, आरसा वाकडा करून हनुवटी बघत. म्हातारा खिडकीशी गेला, कातरीनं उतरवलेली दाढी कागदात बांधून त्यानं ती अदबीनं ह्यांच्या हातात दिली, आणि म्हणाला, "पाव्हनं, जावळापत्तोर दाडीला हात लावू नगासा. बाळाच्या आदी धार कुनावर तरी बगायला लागंल."

ह्यांनी काच वर केली.